मास्तरांचे मऊ टॉवेल

दाढी झाल्यावर जज्जसाहेबांनी टॉवेलने तोंड पुसलं, गाल चोळला आणि आरशात बघत म्हणाले, "मास्तर, तुमचा वस्तरा लोण्यासारखा फिरतो. टॉवेल मात्र पत्र्याचा ठेवलाय."

जज्जसाहेबांना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण ते काहीही बोलले तरी निकाल लागल्यासारखं वाटे. बाकावर नंबर लावून बसलेले दोघं हसले. मास्तर हसले नाहीत. बावीस वर्षांत त्यांच्या वस्तऱ्याने एकाही गालावर रक्ताचा ठिपका उमटू दिला नव्हता. लोक तीन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडे येत. आणि आता एका टॉवेलापायी चारचौघांत मान खाली घालायची वेळ आली होती.

सलूनच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. तिथे त्यांची बायको शिवणकाम करी आणि त्यातून उरलेल्या वेळात सलूनचे चाळीस टॉवेल धुई. मास्तर दुपारी जेवायला वर गेले ते गाल फुगवूनच.

"तू धुतलेले टॉवेल टोचतात म्हणे गिऱ्हाइकांना."

बायकोने मशीनवरचा पाय काढला नाही. "मग आजपासून तुम्ही धुवा. मला हे सहा ब्लाउज संध्याकाळी द्यायचेत."

"धुतो. दाखवतोच तुला टॉवेल कसा असतो."

मास्तरांनी दुकानातून सॉफ्टनरची सगळ्यात मोठी बाटली आणली. बाटलीवर एक झाकण पुरे असं लिहिलं होतं. मास्तरांच्या मते ते साध्या लोकांसाठी होतं. त्यांनी अर्धी बाटली कपडे धुण्याच्या मशीनमध्ये ओतली, आणि टॉवेल अजून मळकट वाटतील म्हणून साबणाची पावडरही दुप्पट घातली. फेस मशीनच्या झाकणातून बाहेर आला, बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत गेला. तो लोटायला अर्धा तास लागला. पण वाळलेले टॉवेल हातात घेतले तेव्हा मास्तरांचा ऊर भरून आला. सशाच्या पिल्लासारखे मऊ झाले होते.

"गालाला लावून बघ," ते बायकोला म्हणाले.

तिने लावला. मग दोन बोटांच्या चिमटीत धरून थोडा वेळ चोळत राहिली. "मऊ आहे. पण पाणी टिपेल का?"

"टॉवेल आहे तो. टिपणार नाही तर काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच जज्जसाहेब आले. अकरा वाजता एका कॉलेजच्या समारंभाला ते अध्यक्ष होते, आणि गाडी बाहेर उभी होती. पांढराशुभ्र शर्ट, कडक कॉलर. दाढी झाली, मग मिशीला कलप लावायचं ठरलं. मास्तरांनी ब्रश फिरवला. एक थेंब हनुवटीवर पडला. एरवी ही गोष्ट बोलण्यासारखीही नव्हती. मास्तरांनी ऐटीत नवा मऊ टॉवेल उलगडला आणि थेंब पुसला.

थेंब टिपला गेला नाही. तो टॉवेलाखालून घसरत गालावर गेला आणि तिथे पसरला.

"काय झालं?" साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"काही नाही साहेब. जरा ओला करून पुसतो."

टॉवेल नळाखाली धरला, तर पाणी अळवाच्या पानावर राहावं तसं त्याच्यावर थेंबाथेंबाने उभं राहिलं. तो गालावर ठेवताच सगळं पाणी एकदम सुटलं आणि काळा ओघळ मानेवरून थेट कॉलरवर उतरला. मास्तरांनी दुसरा टॉवेल घेतला. मग तिसरा. तिन्ही टॉवेल कोरडेच राहिले, आणि साहेबांचा उजवा कान काळा झाला. वर ओल्या गालाला टॉवेलाचा पांढरा भुसा चिकटला.

साहेबांनी डोळे उघडले. बराच वेळ आरशात बघितलं. "मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "मला पावणेअकराला निघायचंय."

मास्तरांनी जिन्याखालून हाक मारली. "पुसायला काहीतरी घेऊन ये, लवकर!" बायको अस्तराच्या सुती कापडाचे दोन तुकडे घेऊन खाली आली, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि कामाला लागली. साबणाचं कोमट पाणी, सुती कापड. गाल, कान, मान साफ झाली. कॉलरवरचा डाग मात्र हलेना.

"साहेब, शर्ट काढून द्या. कॉलर उलटवून देते."

पंधरा मिनिटं जज्जसाहेब बनियनवर बसून राहिले. वर शिलाई मशीन धडधडत होतं. बाकावरचे सगळे जमिनीकडे बघत होते. शर्ट आला तेव्हा डागाची बाजू आत गेली होती आणि कॉलर कोरी करकरीत दिसत होती. साहेब बरोबर पावणेअकराला निघाले.

दुपारी मास्तर वर गेले, ताटावर बसले. पहिला घास मोडत म्हणाले, "माझं चुकलं कुठं?"

"टॉवेलावर हे बारीक वेढे असतात ना, ते पाणी पितात. तुम्ही त्यांना मेण चोपडल्यासारखं केलंत. पावडर पण निम्मीच पुरते. जास्तीची निघत नाही, आतच वाळून कडक होते. दोनदा साध्या पाण्यातून काढायचे, शेवटच्या पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर. आणि वाळत घालायच्या आधी एकेक टॉवेल जोरात झटकायचा. वाळल्यावर पुन्हा."

"तुला एवढं माहीत होतं, तर मग तुझे टॉवेल का टोचायचे?"

"चाळीस टॉवेल रोज दोनदा झटकायला मनगट कुणाकडं आहे?"

मास्तरांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. बावीस वर्षं वस्तऱ्याला धार लावणारं मनगट होतं ते.

त्या दिवसापासून सकाळी गच्चीवर फटाफट आवाज येऊ लागले. आधीचं मेण निघायला टॉवेल तीनदा धुवावे लागले. चौथ्या वेळी टॉवेल मऊही झाले आणि पाणीही प्यायला लागले. जज्जसाहेबांनी तोंड पुसलं, टॉवेल उलटसुलट करून बघितला आणि नुसती मान डोलावली. मास्तर दिवसभर शीळ घालत होते.

पुढच्या आठवड्यात जज्जसाहेबांच्या बाईसाहेब सलूनमध्ये आल्या. त्या दुकानात बाईमाणसाने पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. "यांना आता घरचा टॉवेल टोचतो," त्या म्हणाल्या. "काय करता तुम्ही?" मास्तरांनी अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून, झटक्यासकट सगळं समजावून सांगितलं. "शिकवलं मात्र वरच्या मजल्यावरनं," असंही सांगितलं, आणि जिन्याकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. बाकावरच्या दोघांनी हळूच मोबाइलवर लिहून घेतलं.

मग बाया येतच राहिल्या. एकदा एक अनोळखी बाई पिशवीभर टॉवेल घेऊन आल्या. मास्तरांनी एकेक टॉवेल हातात घेऊन तपासला, पावडर किती घालायची ते सांगितलं. जाताना बाईंची नजर आरशांवरून, खुर्च्यांवरून फिरली.

"इथं दाढीपण करता वाटतं?" त्यांनी विचारलं.

"करतो की," मास्तर छाती काढून म्हणाले. "टॉवेल वाळेपर्यंत."