भरमूआप्पांची बिनआवाजाची गाडी

थंडी सुरू झाली की आमचे शेजारी भरमूआप्पा इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून घरात आणतात, घोंगड्यात गुंडाळून आपल्या पलंगावर ठेवतात आणि स्वतः खाली चटईवर झोपतात. कुणी हसलंच तर म्हणतात, "माझी हाडं सोसतील. तिला कोण इचारणार?"

बेळगावजवळच्या आमच्या हिंडलग्यात हिवाळ्यात समोरचं फाटक दिसेनासं होईल एवढं धुकं पडतं. त्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. यात आप्पांना निसर्गाचा नियम दिसत नाही, सरळसरळ अन्याय दिसतो. "पैलं का न्हाय सांगितलं?" हे त्यांचं पालुपद.

हाच जाब विचारायला ते मला घेऊन बेळगावच्या शोरूममध्ये गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की थंडीत बॅटरी मंदावतेच, बर्फ पडतो तिथले लोकसुद्धा ती रात्री घरातच ठेवतात. मग त्यांनी माहितीपुस्तक उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, गाडीवर बर्फ साचल्यास मऊ कुंचल्यानं झाडावा.

आप्पांनी तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली आणि भडकले. "आमच्यात बर्फ कुठला? ह्ये पुस्तक दुसऱ्या कुणाचंतरी हाय. मग गाडीबी त्येचीच आसंल." बाईंना हसू आवरेना, म्हणून आप्पा आणखी चिडले. परतताना ते हिंडलगा येईपर्यंत धुक्याला, शोरूमला आणि कधी न पाहिलेल्या बर्फाला कन्नड-मराठीत आळीपाळीनं शिव्या देत होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हातात कुंचला, आणि सीटवरचं दव झाडणं चाललेलं.

न राहवून मी म्हणालो, "आप्पा, एवढा ताप कशाला? जुनी मोटरसायकल बरी होती. विका ही." त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि आत निघून गेले. पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एका रविवारी मला सांबऱ्याला लग्नाला जायचं होतं आणि माझी गाडी दुरुस्तीला होती. आप्पाही तिकडंच निघाले होते. तोंड वाकडं करूनच त्यांनी मागं बसवलं. थंडीला शिव्या देत सांबरा गाठलं. तिथं एका गल्लीच्या तोंडाशीच ते उतरले आणि गाडी हातानं ढकलू लागले. मला वाटलं, बॅटरी संपली.

"संपली न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "हितं आमची आक्का ऱ्हातीया. तिचा पोरगा मोटरसायकलवरनं गेला, परत आलाच न्हाय. दारात गाडी वाजली की ती पळत भाईर याची. बघायची तर मी. तिचं त्वांड बघवंना रं. म्हणून ही बिनआवाजाची घेतली. हिचीबी बारीक घरघर येती, म्हणून गल्लीत ढकलतच न्हेतो."

त्यांनी गाडी भिंतीला लावली, चपला काढल्या आणि दारातनंच हाक मारली. आक्का चुलीपुढं बसली होती. तिनं मान वळवली.

"भरमू व्हय? ये, बस. भाकरी गरम हाय."

आप्पा आत गेले आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले. धुक्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.