व्याहीभेटीची डिस्क

एकनाथरावांनी गाडी घेतली ती चालवायला नव्हे, बघायला. गाडी बघायला कोण घेतं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या गाडीत सिनेमा होता हो!

हैदराबादेत बरकतपुऱ्यातले एक डॉक्टर अमेरिकेला निघाले होते, त्यांनी गाडी विकायला काढली. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले एकनाथराव शेजारधर्म म्हणून नुसते बघायला गेले. डॉक्टरांनी एक बटण दाबलं. डॅशबोर्डाच्या पोटातून एक काळी पाटी सरसर बाहेर आली आणि साहेब आल्यावर कारकून उठतो तशी आपोआप उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, एकनाथरावही उभे राहिले. (गाडीतच. टाळूवरचं टेंगूळ चार दिवस होतं.)

मग डॉक्टरांनी एक चकचकीत चकती त्या यंत्राच्या फटीशी नेली. यंत्रानं ती बोटांतून अलगद ओढून घेतली, घुर्रकन गिळली, आणि पाटीवर एक बाई डोंगरावरून गात गात धावत आली. आवाज चारी दारांतून. एकनाथरावांनी खिडकीबाहेर वाकून पाहिलं, बाई मागून तर येत नाही ना.

"इंजिन नाही बघायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे ना? मग झालं."

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, डिस्क बाहेर काढायचं बटण मुलांनी तोडलंय, तेव्हा सगळा कारभार रिमोटवर. दुसरी, हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसतं. ब्रेक सोडला की नुसता आवाज. चालवणारा माणूस सिनेमात रमून कुणाला ठोकू नये म्हणून कंपनीनंच वायर तशी जोडलेली.

"म्हणजे यंत्राला अक्कलसुद्धा आहे!" एकनाथराव हात जोडून म्हणाले.

गाडी दारात आली. गल्लीला उतार होता, त्यामुळे हँडब्रेक ओढावाच लागे, आणि ओढला की सिनेमा लागे. एकनाथरावांच्या पत्नी तारामतीबाईंनी बॉनेट सोडून त्या फटीलाच हळदकुंकू लावलं. (ते आत गेलं. पहिले दोन दिवस सगळे नट पिवळे दिसत.) संध्याकाळी गल्लीतली माणसं काचांना नाकं लावून उभी राहत आणि एकनाथराव आत, सीटबेल्ट लावून, जागच्या जागी सिनेमा बघत.

आता इथं हिम्मतराव येतात.

हिम्मतराव म्हणजे एकनाथरावांचे व्याही, राहणार पुणे. एकनाथरावांची स्वाती त्यांच्या ओंकारला दिलेली. ओंकार कंप्युटरमध्ये, जोडपं इथंच हैदराबादेत, कुकटपल्लीला. लग्न होऊन पाच वर्षं झाली, पण हिम्मतरावांचं एक तुणतुणं थांबलं नव्हतं: "लग्नात सगळ्यांना सगळं मिळालं. व्याहीभेट तेवढी झाली नाही. ना उपरणं, ना गळाभेट."

एकनाथराव यावर कळवळत. बेगमबाजारातून स्वतः निवडून आणलेलं जरीकाठी उपरणं, मंडपाच्या दारात स्वतःच्या हातांनी व्याह्यांच्या खांद्यावर घातलेलं! "त्या दिवशी सकाळी चष्मा फुटला होता माझा, पण मिठी आठवते ना! अशी कडकडून!" ते म्हणत. लग्नाची कॅसेट होती, पण व्हीसीआर त्याच वर्षी बसला. आता मात्र स्वातीनं कॅसेटची डिस्क करून आणली होती, आणि डिस्क चालवणारं यंत्र घरात नसलं तरी घरासमोर उभं होतं.

योगही कसा! हिम्मतराव आणि इंदुताई महिनाभर लेकाकडे राहून पुण्याला परत निघालेले. नामपल्ली स्टेशनावरून पावणेतीनची गाडी, त्याआधी बरकतपुऱ्याला जेवण.

"आज त्यांना दाखवूनच पाठवणार," एकनाथराव स्वैपाकघरात येऊन कुजबुजले. "पाच वर्षांचा डाग धुऊन टाकतो."

तारामतीबाई बगारे बैंगन, म्हणजे इकडची चिंचेच्या रश्श्यातली वांगी, ढवळत होत्या. त्या काहीतरी बोलायला गेल्या, मग थांबल्या. "नक्को म्हणते मी. जेवू द्या आणि जाऊ द्या."

"का बरं?"

"काही नाही. मीठ बघा जरा."

बगारे बैंगन हिम्मतरावांनी तीनदा घेतले आणि तिन्ही वेळा "आमच्याकडे इतकी चिंच नसते" असं सांगितलं. उठायलाच पावणेदोन झाले. गाडीत पुढं हिम्मतराव, मागं दोघी विहिणी, डिकीत चार बॅगा आणि लोणच्याची बरणी. एकनाथरावांनी चकती फटीशी नेली. घुर्र! पाटी उठून उभी राहिली.

"अरे वा!" हिम्मतरावांच्या तोंडून निघून गेलं. (मग पुण्याचे आहोत हे आठवून ते म्हणाले, "लहान आहे.")

पाटीवर गणपती आला, गणपतीतून कमळ, कमळातून ओंकार, आणि ओंकारच्या नाकातून धबधबा. व्हिडिओवाल्यानं कला ओतली होती. एकनाथरावांनी हँडब्रेक सोडला. चित्र गेलं, सनई राहिली.

"बंद पडलं," हिम्मतराव समाधानानं म्हणाले.

"पडलं नाही, यंत्र शहाणं आहे. सिग्नलला दिसेल."

आणि मग हैदराबादेत कधी न घडलेली गोष्ट घडली. एक माणूस तांबड्या दिव्यासाठी देवाचा धावा करू लागला. नारायणगुड्याला लांबून हिरवा दिसताच त्यांनी गाडी अशी रेंगाळवली की मागचे रिक्षावाले त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागले. दिवा तांबडा झाला. "देव पावला!" खट्कन ब्रेक ओढला. पाटीवर एक गृहस्थ उपमा खात होता. सिग्नलभर खात होता.

"हा कोण?" हिम्मतरावांनी विचारलं.

"तुमच्याकडचा."

"छे! आम्हाला वाटलं तुमच्याकडचा."

दिवा हिरवा. उपमा गेला, सनई राहिली. पुढच्या सिग्नलला हळद. त्याच्या पुढच्याला पुन्हा तोच गृहस्थ, आता जिलबीवर. इंदुताईंनी घड्याळ पाहिलं. "सव्वादोन झाले हो."

"व्याहीभेट आत्ता येईलच," एकनाथराव घामाघूम होऊन म्हणाले. पुढं सगळे दिवे वैऱ्यासारखे हिरवे दिसत होते. मग त्यांच्या सरकारी डोक्यात एक कल्पना चमकली. ब्रेक ओढायला हवा, पण किती ओढायला हवा हे कुठं लिहिलंय? त्यांनी चालत्या गाडीत हँडब्रेक एकच दात वर घेतला. कट्ट.

पाटी उजळली! गाडी चाललीय आणि लग्नही चाललंय! चौघांच्याही तोंडाचा आ झाला. खिडकीबाहेर आबिडचा रस्ता पळतोय, पाटीवर वऱ्हाडाची बस येतेय, आणि कुठली बस खरी ते कळेना. हिम्मतराव, ज्यांना सबंध महिन्यात चारमिनारसुद्धा "ठीक" वाटला होता, ते पुटपुटले, "काय ही माणसाची बुद्धी!"

"कशाचा तरी वास येतोय," तारामतीबाई म्हणाल्या.

"हळद पाहिली ना, म्हणून."

"हळद जळल्याचा येतोय."

तेवढ्यात शिट्टी झाली. ट्रॅफिक पोलीस समोर हात आडवा करून उभा. एकनाथरावांनी गाडी कडेला घेतली.

"चाचा, पीछे से इत्ता धुआँ निकल रा, मालूम है क्या? बिरेक खींच को गाडी चला रैं?" बोलता बोलता तो खिडकीत वाकला आणि त्याचा आवाज मऊ झाला. "अरे! अंदर शादी चल रई क्या?"

"हौ, मेरी बेटी की. दो मिनट. समधी से मिलाप आ रा."

"दुल्हन किधर है?" पोलिसानं टोपी काढून डोकं आत घातलं. रस्त्यावर मागं हॉर्न, आत पाच माणसं श्वास रोखून.

मंडपाचं दार आलं. बँड आला. दारात करड्या सफारीत, खिसे चाचपत, हिम्मतराव उभे. शेजारी लाल कोट, खांद्यांवर सोनेरी गोंडे, तुऱ्याचा फेटा, पल्लेदार मिशा असा बँडमास्तर. डावीकडून एकनाथराव आले, बिनचष्म्याचे, हातात जरीकाठी उपरणं. डोळे बारीक करून त्यांनी समोरच्या रांगेवर नजर टाकली, सगळ्यात भारदस्त माणूस निवडला, आणि उपरणं बँडमास्तरच्या खांद्यावर घालून त्याला कडकडून मिठी मारली. बँडमास्तरनं क्लॅरिनेट काखेत मारून तेवढ्याच प्रेमानं ती परत केली. मागं हिम्मतराव दोन्ही हात अर्धे पसरून तसेच उभे.



"समधी तो बडे शानदार हैं," पोलीस म्हणाला.

"मी तो मागचा," हिम्मतराव म्हणाले. "हात पसरलेला."

इंदुताई हळूच म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, इकडची रीतच असेल."

एकनाथरावांनी मान मागं वळवली. "तारा, तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं होतं. पण तुम्ही इतक्या मायेनं भेटलात, मला वाटलं ओळखीचा असेल. नंतर तुम्ही जगभर सांगत सुटलात, मग कशाला बोलू?"

हिम्मतरावांनी शांतपणे रिमोट उचलला. पुण्याचा माणूस, त्यानं प्रत्येक बटणाखालचं बारीक अक्षर चष्म्यातून वाचलं आणि एक दाबलं. मिठी पुन्हा सुरू झाली. संपली. पुन्हा सुरू झाली.

"हे आता थांबत नाही," ते प्रथमच खुशीत म्हणाले. "रिपीट."

पोलिसानं पावतीपुस्तक खिशात परत घातलं. "चालान क्या करूँ चाचा, तुम्हारा तो हो गया।"

ब्रेक थंड होईपर्यंत पावणेतीन वाजून गेले. पाहुणे परत बरकतपुऱ्याला आले, उरलेले बगारे बैंगन संपवले, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षानं नामपल्लीला गेले. ते गेल्यावर एकनाथराव रिमोट शोधू लागले. सीटखाली नाही, डिकीत नाही. रात्री पुण्याला फोन लावला.

"रिमोट?" हिम्मतराव म्हणाले. "आहे की. सफारीच्या खिशात."

"कुरियरनं पाठवता का?"

"उपरणं कुरियरनं चाललं असतं का? नाही ना? दिवाळीला येतो आम्ही, तेव्हा घेऊन येतो. तुम्ही दारात या. वाजतगाजत. चष्मा लावून."

तेव्हापासून एकनाथरावांच्या गाडीला हँडब्रेक नाही म्हटलं तरी चालेल. ओढला की पाटी सरसर उठते आणि मालक बँडमास्तरला भेटतात. गल्लीतली माणसं तर मुद्दाम म्हणतात, "एकनाथराव, उतार आहे, ब्रेक ओढा ना!" ते ओढत नाहीत. उतरतात आणि मागच्या चाकाखाली वीट लावतात.

दिवाळीच्या आधी एकनाथरावांनी नवं उपरणं आणलं आणि ते बरोबर घेऊनच बँड ठरवायला काचीगुड्याला गेले. दुकानासमोर गाडीला वीट लावली, चष्मा पुसून नीट डोळ्यांवर बसवला आणि आत शिरले. खुर्चीतून एक भारदस्त माणूस उठला. पल्लेदार मिशा. गळ्यात जरीकाठी उपरणं, काठ जरा विटलेला.

"अरे, आओ आओ समधी साब!" त्यानं दोन्ही हात पसरले. "पाँच साल हो गए, एक बार भी नईं आए!"

एकनाथरावांना सगळं लख्ख दिसत होतं. पण आता पसरलेल्या हातांना नाही म्हणायचं त्यांच्यानं होईना. त्यांनी मिठी मारली. कडकडून.

बाहेर येऊन पाहतात तर नवं उपरणंही आतच राहिलेलं. त्याच्या खांद्यावर.