सहाच्या बातम्यांत मार्लिस

आर्विडने ट्रेलरच्या छतातली, अँटेना वळवायची मूठ पुन्हा एकदा फिरवली. टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्या इतका वेळ डावीकडून उजवीकडे चालत होत्या, त्या उजवीकडून डावीकडे चालू लागल्या. फरक पडला तो एवढाच.

"आता?" त्याने मान वर करूनच विचारलं.

"मघापेक्षा बरं आहे," मार्लिस म्हणाली. ती बटाटे सोलत होती आणि टीव्हीकडे तिची पाठ होती.

त्या संध्याकाळी सहाच्या बातम्यांत मार्लिस दिसणार होती. आमच्या गावात शाळेची बस म्हणजे मार्लिस टॉलेफ्सरूड. सगळी हयात तिने ती पिवळी बस चालवली. आज बँकेत रुबाबात बसणारे आणि चर्चमध्ये प्रवचन देणारेसुद्धा कधीकाळी तिच्या एका "खाली बस" ने खाली बसलेले आहेत. जूनमध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा टीव्हीवाल्यांची एक मुलगी माइक घेऊन बसच्या शेडवर आली आणि काहीबाही विचारून गेली. घरी आल्यावर आर्विडने खोदून खोदून विचारलं, पण मार्लिस म्हणाली, "त्यांनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी बोलले." टीव्हीवर एकदा येऊन गेलेलं ते गेलंच, असा तो काळ.

मुलाखत दाखवायचा दिवस कळला तो नेमका तळ्याकाठच्या कॅम्पचा निघाला. जागा आर्विडने भर हिवाळ्यातच राखून ठेवली होती आणि राखलेली जागा सोडणं आमच्याकडे पापात मोडतं. त्यावर आर्विडने शक्कल काढली. ट्रेलरला अँटेना आहे, तिथेच बघू. तळ्याकाठी कॉफी पीत स्वतःला टीव्हीवर बघशील, राणीसारखी.

"नाही दिसलं तरी चालेल," मार्लिस म्हणाली.

आता आमच्या मिनेसोटात बायको "चालेल" म्हणाली की शहाणा नवरा चालायचा थांबतो. "चालेल" म्हणजे अजिबात चालणार नाही, आणि हे पुढची कित्येक वर्षं लक्षात ठेवलं जाईल. आर्विडने त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की आकाश कोसळलं तरी बायकोला सहाच्या बातम्या दाखवायच्या. तिच्या निवृत्तीसाठी म्हणून तर त्याने आपली लाडकी मासेमारीची बोट विकून वसंतात हा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला होता, तिला न सांगता. दारात उभा करून "कसा आहे?" असं विचारलं, तेव्हा ती त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली, दार उघडून लावून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. मोठा आहे." आर्विडच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं.

तर आता हा छान मोठा ट्रेलर पाइनच्या दाट झाडीत उभा होता. ती जागा आर्विडनेच सावली बघून निवडलेली. सावली उत्तम होती. तिथे ऊनही येत नव्हतं आणि टीव्हीसुद्धा.

सकाळीच शेजारच्या गाडीतला रॉइस टिडवेल येऊन गेला होता. हा टेक्सासचा. त्याची राहायची गाडी बसएवढी, आणि गाडीशेजारी एक घडीचा खांब, झाडांच्या वर डोकं काढणारा. त्या खांबावर अँटेना. मार्लिसची बातमी कानावर गेल्याबरोबर तो स्वतःहून आला आणि म्हणाला, "आमच्याकडे चित्र आरशासारखं येतं. संध्याकाळी दोघं या."

आमच्याकडची रीत अशी, की पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच तुम्हाला कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मोठा सुस्कारा टाकून, "बरं, इतकं म्हणताच आहात तर" असं म्हणत उठायचं. दुसऱ्यांदाच हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही तर समोरचा उद्धट. पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात.

तेव्हा आर्विड म्हणाला, "नाही, नको." रॉइस म्हणाला, खरंच या. आर्विड म्हणाला, "उगाच तुम्हाला कशाला त्रास." आणि तिसऱ्या आग्रहासाठी त्याने सुस्कारासुद्धा छातीत भरून घेतला. रॉइस म्हणाला, "ठीक आहे, जशी तुमची मर्जी," आणि टोपीला हात लावून निघून गेला. टेक्सासात नाही म्हणजे नाही असतं. आर्विड तो सुस्कारा तसाच छातीत धरून उभा राहिला.

म्हणून मग शिडी आली. आता कॅम्पवर शिडी चढणारा माणूस दिसला, की आजूबाजूचे सगळे निवृत्त पुरुष आपापली घडीची खुर्ची उचलून तिथे येतात. ही रीत कुठेही लिहिलेली नाही, पण कुणी मोडलेलीही नाही. पलीकडच्या तंबूतला गॉर्डी लिंडस्कोग सगळ्यात आधी आला. तो म्हणाला, अँटेनाला चांदीचा कागद गुंडाळ. कागद गुंडाळला. कुणी म्हणालं कोट टांगायच्या हँगरची तार लाव. तार लावली. आता मुंग्यांच्या जोडीला घूं असा आवाजही येऊ लागला. शेवटी एका निवृत्त दंतवैद्याने ती तार सहज हातात धरली आणि पडद्यावर अर्ध्या माणसाचा चेहरा उमटून मक्याचे भाव सांगू लागला.

सगळ्यांना फार आनंद झाला. दंतवैद्याला हात वर करून तसंच उभं राहायला सांगण्यात आलं. तो भला माणूस, नाही कसं म्हणणार? पण आमच्या तळ्यांवरच्या डासांना अशी आयती संधी रोज मिळत नाही. थोड्या वेळाने दंतवैद्याने फाडकन स्वतःच्या मानेवर चापट मारली आणि मक्याचा माणूस गेला तो गेलाच.

दुपार कलली तशी आर्विडच्या कपाळावरची शीर दिसू लागली. मग गॉर्डीने तोड काढली. वर टेकाडावरची जागा रिकामी आहे, तिथे झाडं नाहीत, ट्रेलर तिकडे न्यावा. पाण्याची नळी काढली, विजेची तार काढली, पायरी आत घेतली, पिकअप जोडली. एरवी निघण्याआधी ट्रेलरभोवती फिरून एकूण एक गोष्ट तपासायचं काम मार्लिसचं. शाळेच्या बसची सवय, तिच्या नजरेतून साधा खिळा सुटत नसे. पण आर्विड म्हणाला, आज तू काही करायचं नाहीस, आज तुझा दिवस आहे. तिला खुर्चीत बसवून हातात कॉफी दिली.

मार्लिस खुर्चीतून ट्रेलरच्या छताकडे बघत होती. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग कॉफीचा घोट घेतला.

सगळे पुरुष हात हलवत होते, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला. आर्विडने गाडी हाकली. कड्कन आवाज झाला. अँटेना खाली घ्यायचा राहून गेला होता. ट्रेलर पुढे गेला आणि अँटेना पाइनच्या फांदीवर राहिला, चांदीच्या कागदासकट.

सगळ्यांनी माना वर करून फांदीकडे बघितलं. मग गॉर्डी म्हणाला, "याहून वाईट होऊ शकलं असतं." आमच्याकडे घर जळालं तरी हेच म्हणतात.

मार्लिस उठून आर्विडजवळ आली. "जाऊ दे रे," ती म्हणाली. "खरंच सांगते, मला नाही बघायचं. चल, तळ्यावर फिरून येऊ."

तिच्या तोंडचे इतके गोड शब्द ऐकून आर्विडचं काळीज फाटलं. म्हणजे प्रकरण "चालेल"च्याही पलीकडे गेलं होतं. त्याने पँटला हात पुसले आणि तो तडक रॉइसच्या गाडीकडे निघाला.

आता सरळ जाऊन "आम्हाला तुमचा टीव्ही बघू द्या" म्हणणं टेक्सासच्या माणसाला जमेल. आमच्या माणसाची जीभ त्यासाठी बनलेलीच नाही. आर्विडने आधी डासांचा विषय काढला. मग यंदाच्या मक्याचा. मग टेक्सासात फार उकडतं का, तेही विचारलं. रॉइस खुर्चीत रेलून सगळ्याची मनापासून उत्तरं देत होता आणि घड्याळ सहाकडे सरकत होतं.

"खांब उंच आहे तुमचा," आर्विड म्हणाला.

"आहे."

"चित्र बरं येत असेल."

"फार छान येतं."

"माझा अँटेना झाडावर राहिला."

"बघितलं मी. वाईट झालं," रॉइस कळवळून म्हणाला. पण पुढे काही बोलेना. सकाळी या माणसाने दोनदा नाही म्हटलंय, आता पुन्हा गळ घालणं म्हणजे त्याचा अपमान, असं तो बिचारा समजत होता. शेवटी आर्विडने डोळे मिटले आणि जन्मात कधी बोलला नव्हता इतकं सरळ बोलला. "सहाला बायको दिसणार आहे. आणि आमच्याकडे दिसत नाहीये."

"अहो, मग या की आत," रॉइस म्हणाला.

"नाही, नको," आर्विड म्हणाला.

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच नंतर कळलं. जीभ चावून तुकडा पाडावासा वाटला, पण शब्द बाहेर पडला होता. रॉइसने समजूतदारपणे मान डोलावली. "ठीक आहे," तो म्हणाला.

इतक्यात रॉइसची बायको नदीन गाडीतून उतरली. नळावर पाणी भरताना गॉर्डीने तिला आमच्याकडची सगळी रीत समजावून सांगितली होती, आणि तेव्हापासून तिला कधी एकदा ती वापरून बघते असं झालं होतं. "तीनदा विचारावं लागतं म्हणे तुम्हाला," ती म्हणाली. "मग घ्या. या, या, या. झाले तीन."

आर्विडचा सकाळपासून कोंडलेला सुस्कारा एकदाचा बाहेर पडला. तेवढ्यात त्याला शोधत मार्लिस तिथे पोचली आणि घाईघाईने म्हणाली, नको, मनापासून सांगते, अगदी नको. नदीनला हसू आवरेना. गॉर्डी म्हणाला होता अगदी तश्शाच बायका, असं म्हणत तिने मार्लिसचा दंड धरला. आणि तीन आग्रह झाल्यावर नाही कसं म्हणायचं, हे आमच्याकडे कुणालाच शिकवलेलं नाही. मार्लिस आत गेली. तिच्यामागून आर्विड गेला, गॉर्डी गेला, मान खाजवत दंतवैद्य गेला.

चित्र खरोखरच आरशासारखं होतं. नदीनने रुबार्बच्या आंबटगोड वड्या फिरवल्या. आधी वादळाची बातमी झाली, मग मक्याचे भाव, या वेळी अख्ख्या माणसाच्या तोंडून. आणि मग पिवळी बस दिसली आणि बसच्या दारात निळ्या जाकिटातली मार्लिस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आर्विडने रुमाल काढला. दिवसभराचा सगळा वैताग त्याच्या अंगावरून उतरून गेला. मार्लिस मात्र मांडीवरच्या बशीत बघत होती.

पडद्यावर पोरांनी तिला फुलं दिली. मग ती माइकवाली मुलगी म्हणाली, "आता निवृत्तीनंतर काय करणार?"

"घरी बसणार," पडद्यावरची मार्लिस म्हणाली. "जन्मभर चाकांवर बसले. आता मला एक खुर्ची हवी, जी कुठेही जात नाही. मागच्या दारी टोमॅटो लावीन." ती जरा थांबली. "पण नवऱ्याने बिचाऱ्याने बोट विकून ट्रेलर घेतलाय माझ्यासाठी. त्याला कसं सांगावं तेच कळत नाही. तुम्ही हे दाखवणार नाही ना?"

"छे, छे," मुलगी म्हणाली.

मग बस वळणावरून दिसेनाशी झाली, बातम्या देणारा हसला आणि हवामान सुरू झालं.

दंतवैद्य आपली वडी चारही बाजूंनी निरखू लागला. गॉर्डी खिडकीबाहेर बघत म्हणाला की पाऊस येईलसं वाटतं. पावसाचं एकही चिन्ह नव्हतं.

"मला सांगायचंस," आर्विड हळूच म्हणाला.

"कसं सांगणार?" मार्लिसही हळूच म्हणाली. "कसा आहे म्हणून विचारलंस, आणि मी उत्तर द्यायच्या आत तुझे डोळे भरून आले."

आर्विडने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. गेले तीन महिने बायकोच्या सरळ बोलण्याचा त्याने वाकडा अर्थ काढला होता आणि वाकड्याचा सरळ. आता खेद मानावा की राग, हे त्याला ठरवता येईना. खरं तर त्यालाही या ट्रेलरमध्ये पाठ टेकून झोप लागत नव्हती. पण बायको खूश आहे म्हणून तो बोलला नव्हता.

हा अवघडलेपणा फक्त एकाच माणसाला जाणवला नाही. नदीन बशा गोळा करता करता म्हणाली, "मग तो ट्रेलर विकणार का? माझा भाऊ असाच शोधतोय."

"छे, म्हणजे," आर्विड म्हणाला, "अँटेना मोडलाय, दारही जरा अडकतं, तुमच्या भावाला उगाच कशाला..."

"हो," मार्लिस म्हणाली.

नदीनने एकदाच विचारलं होतं. गॉर्डी हातातली वडी तशीच धरून मार्लिसकडे बघत राहिला. तिने आपली बशी पुढे केली आणि आणखी एक वडी मागून घेतली.