सासऱ्यांच्या थिएटरला ऑइलपेंट

इमारतीला नुसती टिचकी मारून तिची किंमत सांगणारा माणूस आहे मी! त्यामुळे सासऱ्यांचं जुनं थिएटर वाचवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता.

सासऱ्यांच्या भावांना ते बिल्डरला विकायचं होतं. पण वारसा जतन खात्याच्या मॅडमनी एकदा ‘ऐतिहासिक’ असा शिक्का मारला, की ते पाडायची कुणाची टाप नव्हती. आत होतंही तसंच! कोरीव लाकडी सज्जा, निळ्या छतावर हाताने रंगवलेल्या चांदण्या. ‘सर्वोत्तम उपयोग: थिएटरच’ असा अहवाल मी आधीच तयार ठेवला आणि सासऱ्यांना फोन केला, "मॅडमना घेऊन येतोय. तुम्ही जरा साफसूफ करून ठेवा, बाकी माझ्यावर सोडा!"

दार उघडलं आणि माझी दातखीळच बसली. सगळं पांढरंफेक! सज्जा पांढरा, छत पांढरं, चांदण्या गायब! हॉस्पिटलात शिरल्यासारखं वाटलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"ऑइलपेंट! चांगले दोन हात दिलेत," सासरे खुशीत म्हणाले. "जावईबापू मोठ्या मॅडमना आणणार आणि आम्ही जुनंपानं दाखवायचं? तुमची मान खाली जायला नको."

मी मटकन खुर्चीत बसलो.

"अहो उठा, ओली आहे!"

उठलो. निम्मी पँट खुर्चीकडेच राहिली!

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी वर छताकडे पाहिलं. "यात आता जुनं काय उरलंय हो?"

"आहे ना!" सासरे लगबगीने शेवटच्या रांगेकडे गेले. तिथे एकच खुर्ची रंगवायची राहिली होती. तांबडी गादी, हातांवरचं पॉलिश उडालेलं.

"ही का सोडली?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या हिची आहे. शेवटच्या खेळाला इथेच बसते. ओल्या रंगावर कशी बसणार?"

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. फाटकी पँट मागून धरून मी ढसाढसा रडलो. मॅडमनी स्वतःचा रुमाल दिला, पण शिक्का काही दिला नाही. एका खुर्चीसाठी इमारत ठेवता येत नाही म्हणाल्या.

थिएटर पाडलं. सासरे आता आमच्याकडे असतात. ती खुर्चीही असते, टीव्हीसमोर. परवा सिनेमा चालू असताना सवयीने मी तिच्या पाठीवर टिचकी मारली.

"श्श!" सासरे डाफरले. "जावईबापू, बघू द्या की तिला!"

मी आपला गुपचूप जमिनीवर बसलो.