सात शाली आणि धनवटे भाऊसाहेब

आमच्या नगरच्या कचेरीतले धनवटे भाऊसाहेब चारचौघांत कुणाचंही नाव घेत नाहीत. कॅन्टीनमध्ये चहा सांगतील तोही असा: "खिडकीजवळच्या व्यक्तीला एक, बिनसाखरेचा." ती व्यक्ती म्हणजे मी, वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतोय. लग्नपत्रिका आली की आधी पाकिटावरचं नाव काळ्या पेनानं खोडतात, मग आतलं वाचतात. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "नाव कशाला पाहिजे?"

अशा माणसाकडे साहेबांनी संसदीय समितीच्या दौऱ्याचं नियोजन सोपवलं. ऊसतोड बायकांचे हाल समितीला त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते, बंद खोलीत. एकाच गावच्या सात जणी तयार झाल्या. त्यांतली एक आमच्यासमोरच म्हणाली, "मुकादमाला कळलं तर पुढल्या साली टोळीत घ्यायचा न्हाई, भाऊसाहेब. मंग खायाचं काय?"

त्यानंतर भाऊसाहेबांनी जे चालवलं ते पाहून आम्ही पोट धरून हसलो. दौऱ्याला घोडेगावच्या बाजाराचा दिवस निवडला. बायका पिशव्या घेऊन घराबाहेर पडल्या तरी कुणी हटकणार नाही. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'चर्चा' लिहिलं. कुणाशी, ते नाही. हजेरीवही तर कपाटात कोंडली आणि किल्ली खिशात घालून फिरू लागले.

पण आपल्याकडे पाहुणा म्हटला की सत्कार आलाच. आदल्या दिवशी साहेबांना कळवळा आला. "बिचाऱ्या एवढ्या लांबून येणार, तशाच पाठवायच्या?" सात शाली आल्या, सात नारळ आले. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण माईक दिसला की मला राहवत नाही. नावांची यादीही मीच ग्रामसेवकाकडून मागवली, मोठ्या हौसेनं.

सभागृहात समिती, पत्रकार, आणि पहिल्याच रांगेत, कार्यक्रम आहे एवढंच ऐकून आलेला त्या बायकांचा मुकादम. अगदी मागं त्या सात जणी, पदर पुढं ओढून. मी घसा साफ करून यादी उघडली. तेवढ्यात भाऊसाहेब स्टेजवर चढले, यादी माझ्या हातातून काढून खिशात घातली आणि कानात म्हणाले, "माझं वाच."

"अहो, पण शाली सात आहेत."

"मग सात वेळा वाच."

वाचलं. भर वैशाखात त्या माणसानं एकावर एक सात शाली अंगावर घेतल्या. पाचवीनंतर फक्त चष्मा दिसत होता. सभागृह खदखदून हसत होतं, मुकादम तर टाळ्या पिटत होता. मागची रांग कधी रिकामी झाली आणि बंद खोलीचं दार कधी लागलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

साहेबांनी त्यांच्याकडे हावरेपणाबद्दल लेखी खुलासा मागितला. भाऊसाहेबांनी कारण लिहिलं, 'थंडी'.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा ते मला घोडेगावला घेऊन गेले. लांबूनच ट्रकमधल्या बायका निरखत उभे राहिले. सातही जणी दिसल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मला स्वतःच्या हौसेची फार लाज वाटली.

"पूर्वी अशाच एकीचं नाव मी अहवालात टाइप केलं होतं," ते म्हणाले. "मुकादमाच्या वाचनात आलं. तिला टोळीत घेतलं नाही. मग तिनं गावच सोडलं."

"पुन्हा भेटली कधी?"

"एकदा दिसली, इथंच बाजारात, पाठमोरी. माफी मागायची होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण एवढ्या गर्दीत तिचं नाव घ्यायचा धीर झाला नाही. गेली निघून."

ट्रक हलला. ते बाजाराकडे वळले, आणि मी न विचारताच म्हणाले, "दर आठवड्याला येतो. माझं नाव तिला माहीत आहे. तिनंच कधी हाक मारली तर."