अंबादासअण्णांचं व्हेंचर

आमच्या भवानी पेठेतले अंबादासअण्णा कुठलंही नवं यंत्र आधी पाण्याच्या बादलीत बुडवतात. जन्मभर टॉवेल विणले. टॉवेल पाणी कसं पितो यावरून माल ओळखायची सवय. अक्कलकोट रोडचे माग विकल्यावर ते सौर, बॅटरी, बायोगॅस असल्या नव्या कंपन्यांत पैसे घालायला लागले. याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात हे मीच त्यांना सांगितलं. तेव्हापासून कुणीही "काय चाललंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "व्हेंचर करतोय की ओ."

बादलीत दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर गेला. बाकीची मंडळी यंत्रं काखोटीला मारून पळाली.

वैरागची अनुराधा तेवढी टिकली. शिकलेली इंजिनिअर. तिची वीट सौरविजेवर तापते, उष्णता धरून ठेवते आणि ऊन गेल्यावर टॉवेल रंगवायच्या कारखान्याला वाफ पुरवते. अण्णांनी ती तापलेली वीट सांडशीनं उचलली आणि सोडली बादलीत. चर्रर्र आवाज, खोलीभर वाफ, विटेचे दोन तुकडे.

"ह्यो टॉवेल न्हाय, अण्णा," अनुराधा शांतपणे म्हणाली. "आता मला बी बुडवून बघता का?"

"नको. तुझा रंग पक्का दिसतोय," म्हणत अण्णांनी चेकबुक काढलं.

अट एकच. महिन्याची बोर्ड मीटिंग रविवारी अण्णांच्या घरी. बोर्डावर अण्णा, अनुराधा आणि इंग्रजी कागद वाचायला मी. ताळेबंद चहा निवायच्या आत संपायचा. मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. "ग्रोथ पायजे की," म्हणत अण्णा तिच्या ताटात आणखी भाकरी टाकायचे.

परवा पुण्याचा एक मोठा फंड आला. अनुराधाला कारखाना उभारून देतो म्हणाला, पण अण्णांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडायचं. अण्णा "बघू की" म्हणाले. फंडानं भाव वाढवला. पुन्हा "बघू की." मी चिडलो.

"अण्णा, पोरीचा कारखाना अडलाय. भावासाठी किती ताणणार?"

"भावाचं न्हाय ओ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अनुराधा स्वतः विक्रीचे कागद घेऊन आली. अण्णांनी कागद ओढून न वाचताच सही केली. पेनाला टोपण लावत म्हणाले, "आता मीटिंगा पुण्याला."

"व्हय."

"म्हंजे रविवारी तू न्हाय."

अण्णांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून त्या घरात एकाहून जास्त ताटं फक्त मीटिंगलाच लागत होती, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

अनुराधा कागद पिशवीत घालत म्हणाली, "मीटिंग पुण्याला, अण्णा. जेवण हितंच. ह्या बारीला आईला बी आणते. चालंल का?"

अण्णा आत गेले. ज्वारीच्या पिठाचा डबा काढला आणि आमच्याकडे पाठ करून चार ताटांचं पीठ मोजायला लागले.