अनुभवी ओल

नळ गळो वा न गळो, तो दुरुस्त करणारा माणूस अनुभवी असला पाहिजे, याबद्दल सुसंस्कृत समाजात दुमत नाही. जळगावच्या पिंप्राळा भागात राहणारे रुपचंद पाटील तर सरकारी कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे नवख्या माणसाकडून पाकिटावर शिक्कासुद्धा मारून घेत नसत. (शिक्का तिरका पडला तरी चालेल, मारणारा जुना हवा.)

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या बैठकीच्या भिंतीला ओल आली. भिंतीतून न्हाणीघराचा पाइप गेला होता आणि तो कुठेतरी पाझरत होता. एरवी खानदेशात वैशाखात भिंत गार लागली, तर माणूस शेजाऱ्यांना बोलावून हात लावून बघायला सांगेल. पण घरात थोरली लेक शैला लग्नाची होती. मागच्या महिन्यात तिला पाहायला आलेल्यांपैकी एक आत्याबाई नेमक्या त्या भिंतीला टेकल्या, त्यांचं नवं लुगडं पाठीमागून भिजलं आणि स्थळ तिथूनच परत गेलं. शैलाची आई प्रमिलाबाई त्या दिवशी चुलीपाशी बसून खूप रडल्या होत्या. आता गुरुवारी चोपड्याची मंडळी यायची होती.

रुपचंदांनी रीतसर चौकशी आरंभली. प्रथम पुना नावाचा, धुळ्याहून नुकताच आलेला प्लंबर हजर झाला. भिंतीवर पाना ठोकून तो म्हणाला, “बठ्ठा पाइप सडेल शे, भाऊ. नवा टाकसु. मंग माले परत बलावानी गरज नही.”

रुपचंदांना हे उर्मटपणाचं वाटलं. ज्याला परत यायचंच नाही, त्याचा भरवसा काय धरायचा? तरी अन्याय नको म्हणून पुनाने जिथे कामं केली होती त्या घरांत जाऊन त्यांनी विचारपूस केली. कोणाला धड काही सांगता येईना. आला होता एकदा, असं म्हणाले. नंतर? नंतर काम पडलं नाही. एका घरी तर तो काळा की गोरा यावरून नवराबायकोत वाद लागला. अशा माणसाला घरात घ्यायचं म्हणजे धोकाच होता.

याउलट गल्लीतल्या जुन्या प्लंबरचं, जीवराम नानांचं, नाव काढताच प्रत्येक दारात चेहरे उजळले. शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या की, नानांशिवाय आमच्या घरचं पान हलत नाही. परवाच येऊन गेले, उद्या पुन्हा येणार आहेत. धाकट्याच्या बारशाला त्यांनी मोरीतला नळ हाती घेतला, धाकटा आता मॅट्रिकला बसला, पण नानांनी नळ सोडला नाही. इतकी निष्ठा हल्ली कुठे पाहायला मिळते, असंही त्या म्हणाल्या आणि नळाखालची बादली बदलायला आत गेल्या.

रुपचंदांना यातून तत्त्व सापडलं. अनुभव येतो कामातून आणि काम येतं गळतीतून. ज्याने बसवलेला नळ गळतच नाही, त्याच्या गाठीला अनुभव येणार कुठून? त्यात दोष त्याचाच. (नानांच्या एकूण अनुभवापैकी अंदाजे चाळीस टक्के एकट्या वच्छलाबाईंच्या मोरीतला होता. उरलेला त्याच गल्लीत साठला होता.)

नाना आले. वैद्य नाडी पाहतो तसा त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. चहा झाल्यावर म्हणाले, “ओल जुनी शे, भाऊ. एकदम बंद करी तं दुसरीकडथून निंघी.” मग पाइपाला सफेदा फासून सुतळी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी ओल खिडकीच्या डावीकडून उजवीकडे आली. नाना म्हणाले, हलली म्हणजे औषध लागू पडलं. रुपचंदांनी प्रमिलाबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्या ओलीवर कॅलेंडर टांगत होत्या.

गुरुवारी चोपड्याचे गिरधर आबा बैठकीत येऊन बसले. नानाही होते, कारण ते आता घरचेच झाले होते. पोहे संपेपर्यंत कॅलेंडर खालून भिजत भिजत अर्ध्यावर आलं. आबांनी ते पाहिलं. कोण बघतं हे काम, असं आबांनी विचारलं. रुपचंदांनी नानांकडे बोट दाखवलं आणि माणूस अनुभवी असल्याचं सांगितलं.

आबा गहिवरले. “एवढी ओल यीसन बी मानूस बदला नही. आमले आसंच घर पाहिजे,” ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या चिरंजीवांची माहिती दिली. चिरंजीवांना किराणा, टेम्पो, केळीची दलाली, सायकल दुकान आणि व्हिडिओ पार्लर अशा पाच धंद्यांचा अनुभव होता. सध्या ते सहाव्याच्या शोधात होते.

पाच धंदे ऐकून रुपचंद हरखले. सुपारी फोडायचं बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दाराआडून शैला वडलांना हळूच म्हणाली, “भाऊ, नळ बिघडला तर नाना येतील. लग्न बिघडलं तर मी कोणाला बोलावू?”

रुपचंदांनी तिला सौम्यपणे समजावलं की, तुला संसाराचा काही अनुभव नाही, तेव्हा या बाबतीत तुझं मत विचारात घेता येत नाही.

“माले शे ना,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “बावीस वरीसना शे. आनि मी नही म्हनस.”

बावीस वर्षांच्या अनुभवापुढे रुपचंदांना आपल्याच तत्त्वाने मान तुकवावी लागली. चोपड्याची मंडळी संध्याकाळच्या एसटीने परत गेली. शैलाचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं. तो मुलगा एकाच नोकरीत टिकून होता आणि चौकशीत त्याच्याबद्दल कोणाला काही सांगता आलं नव्हतं. भिंतीचं काम मात्र नानांकडेच राहिलं.

रुपचंदांना हसणाऱ्या वाचकांनी एक करावं. आपल्या घरचा प्लंबर कोण, ते आठवावं. नाव चटकन ओठांवर आलं असेल, तर नळ अजून गळतो आहे.